आधी डावा हात

वजन उतरलं म्हणून ज्यांनी माझं अभिनंदन केलं, त्या सगळ्यांचा मला मधूनमधून राग येतो. त्यांची काही चूक नाही, हे मला कळतं. पण वजन उतरलं की गोष्ट संपली असं त्यांना वाटतं, आणि माझी तर तिथून सुरू झाली. पुढे काय होतं ते मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. माझ्यासारख्या आणखी कुणी असतील त्यांना निदान ठाऊक असावं, म्हणून लिहिते आहे.

मी जळगावला राहते. माहेर धुळ्याजवळच्या एका गावी. नवरा रेल्वेत, रोज भुसावळला अपडाऊन करतो. मी घरून मांडे करून देते, लग्नाकार्याच्या ऑर्डरी घेते. चाळिशीत मला साखर निघाली, गुडघे गेले, घराचा जिना चढले की धाप लागायची. शेवटी पोट लहान करायचं ऑपरेशन करून घेतलं. पुढच्या दीडेक वर्षात मी जवळजवळ अर्धी झाले. साखरेच्या गोळ्या सुटल्या, गुडघे गप्प झाले. हे सगळं चांगलंच झालं आणि त्या डॉक्टरांचे उपकार मी विसरणार नाही.

पण उतरलं ते आतलं. वरची कातडी होती तेवढीच राहिली. पोटाची साडीत लपते. दंडांची कुठे लपवणार? काखेपासून कोपरापर्यंत दोन्ही दंडांना झोळ्या आल्या. हात आडवा केला की दोरीवर वाळत घातलेल्या ओल्या टॉवेलसारखी कातडी खाली लोंबायची. टेलरने बाही झोळीच्या मापाने शिवली तर खांद्यावर गबाळी व्हायची, आणि खांद्याच्या मापाने शिवली तर दंड आत शिरायचा नाही. त्यात आमचा जळगावचा उन्हाळा. काखेत, घड्यांत घाम साचून पुरळ उठायचं, मग चिघळायचं. दिवसातून चारदा पुसा, पावडर लावा, सुती कापडाची घडी ठेवा. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं की म्हणायचं, "किती छान वाळलीस, डाएट सांग ना." जुजबी ओळखीचे लोक हळूच नवऱ्याला विचारायचे, "वहिनींना काही मोठं दुखणं होतं का?"

खापर

मांडे बाहेरच्यांना माहीत नसतात म्हणून सांगते. मांडा म्हणजे आमच्या खान्देशातली पुरणपोळी, पण ती पोळपाटावर मावत नाही. पुरण भरलेला उंडा थोडासा लाटायचा आणि हातांवर घ्यायचा. मग या हातावरून त्या हातावर झुलवत वाढवत न्यायचा, मनगटापासून कोपरापर्यंत पसरेपर्यंत. शेवटी चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर अलगद सोडायचा. मी हे मायकडून शिकले. माझी जोडीदारीण मंगल कणीक तिंबते, चूल सांभाळते. हातांवरचं काम माझं.

एका लग्नघरी मांडवाच्या मागे आमची चूल होती. खापराच्या पलीकडच्या कडेला मांडा चिकटला म्हणून सोडवायला मी हात लांबवला. माझा हात खापरापासून चांगला वीतभर वर होता. दंडाखालची कातडी मात्र खाली होती, आणि ती सरळ खापरावर टेकली. मी ओरडायच्या आत मंगलने मला मागे ओढलं, तरी मोठा फोड आलाच.

नवरीची कुणी मावशी तिथे उभी होती. ती म्हणाली, "इतकी वर्षं करता आणि अजून चटका बसतो?"

तिला काय सांगणार? लठ्ठ होते तेव्हा एकदाही भाजले नव्हते. तेव्हा माझा दंड जागच्या जागी होता.

असं मग वरचेवर व्हायला लागलं. मंगलने जुन्या जीन्सचा एक पाय कापला आणि त्याच्या दोन जाड बाह्या शिवून दिल्या, दंडावर नाडीने बांधायला. भाजणं थांबलं. पण चुलीपुढे त्या जाड कापडाच्या आत घाम आणि पुरळ इतकं वाढलं की रात्री हात अंगाला लावून झोपता येईना. भाजून घ्यायचं की चिघळवून घ्यायचं, एवढंच माझ्या हातात राहिलं होतं.

"फॅशन"

जळगावच्या कातडीच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला. "मावशी, ही कातडी परत आवळणार नाही. व्यायामानेही नाही, मालिशनेही नाही. कापूनच काढावी लागेल."

मी म्हटलं, "मग मी वर्षभर बदामाचं तेल कशाला चोळत होते?"

ते हसले. मला काही हसू आलं नाही.

विमावाल्यांनी कळवलं की ही सौंदर्याची शस्त्रक्रिया आहे, ती बसत नाही. मी भाजलेल्या दंडाचे फोटो पाठवले. उत्तर तेच आलं. नवऱ्याला सांगितलं तर तो पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "पूर्ण बाहीचे ब्लाउज शिव. आता या वयात तुला कुठे मिरवायचंय?" मी त्याच्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलले. मिरवण्याचा प्रश्न नव्हता असं मी सगळ्यांना सांगत होते. खरं तर थोडासा होता. इतका त्रास काढून वजन उतरवलं, तर एकदा आरशात बघून बरं वाटावं असं मला वाटत होतं. पण ते बोलले असते तर सगळे "बघा, फॅशनच" म्हणाले असते. म्हणून मी फक्त पुरळ आणि चटके यांच्याबद्दलच बोलायचे, आणि त्याचाही मला वैताग यायचा.

समाचार

आता परदेशाचं कसं डोक्यात आलं ते सांगते.

पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मला भेटायला सगळं गणगोत लोटलं होतं. आमच्याकडे कुणी दवाखान्यात आहे कळलं की समाचाराला जावंच लागतं. गेलं नाही तर ते पुढे कायम लक्षात ठेवलं जातं. गावाकडून गाड्या भरून लोक आले. कुणी केळी आणली, कुणी शहाळी, कुणी बिस्किटं, आणि मला तेव्हा दोन घोट पाण्यावर ठेवलं होतं. ते माझ्या पलंगाशेजारी बसून स्वतःच खायचे. प्रत्येकाला सुरुवातीपासून सगळं ऐकायचं असायचं. प्रत्येकाकडे कुणीतरी असंच ऑपरेशन करून दगावलेलं असायचं. माझ्या मोठ्या नणंदेने, अक्कांनी, तर पांघरूण बाजूला सारून आलेल्या बायकांना माझे टाके दाखवले. मी गुंगीत होते, तरी मला ते आठवतं. नर्सने सगळ्यांना बाहेर काढलं की या बायका पॅसेजमध्ये डबे उघडून बसायच्या.

सगळे मायेनेच आले होते. पण तेव्हा मी ठरवलं होतं, यापुढे मेले तरी ऑपरेशन करणार नाही, आणि केलंच तर कुणाला कळू देणार नाही.

म्हणून माझी मुलगी तेजू पुण्याहून आली आणि मोबाइलवर तिने मला बँकॉकचा एक दवाखाना दाखवला, तेव्हा मी पटकन विरघळले. विमानतळावर घ्यायला गाडी, दवाखान्यालगत हॉटेल, हिंदी बोलणारी मदतनीस. दंडांची कातडी काढून, टाके सुकवून परत. तेजू म्हणाली, "आई, तिथे हे रोज करतात." मला त्याच्याशी काही घेणं नव्हतं. तिथे मला कुणी ओळखत नव्हतं, एवढ्या एका गोष्टीवर माझा जीव जडला.

फोटो

दवाखान्याला फोटो हवे होते. हात खाली, हात आडवे, हात वर, समोरून आणि मागून. तेजू परत गेली होती, म्हणून नवऱ्याला सांगावं लागलं. बिनबाह्यांचं पोलकं घालून मी भिंतीशी उभी राहिले. लग्नानंतर इतक्या वर्षांत तो कधी इतका वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला नसेल. दोन फोटो झाल्यावर त्याने मोबाइल खाली घेतला आणि दंडावरचे जुने-नवे चटके मोजल्यासारखा बघत राहिला.

"इतके आहेत?" तो म्हणाला.

"मग मी काय सांगत होते?"

तो म्हणाला, "हात जरा वर घे. उजेड येत नाहीये." त्यानंतर फॅशन हा शब्द त्याने काढला नाही. मला तेवढंही पुष्कळ होतं.

मदतनीस मुलगी हिंदीतून गोड गोड मेसेज पाठवायची. प्रत्येक वाक्याला मॅम, प्रत्येक मेसेजला फुलं. मी तिला विचारलं, ऑपरेशननंतर मी मांडे कधी करू शकेन? तिला मांडे म्हणजे काय ते कळेना. म्हणून मंगलने माझा व्हिडिओ काढला, हातांवर मांडा वाढवतानाचा, आणि तो पाठवला. उत्तर आलं, "वा मॅम, किती सुंदर पिझ्झा!" आणि खाली, "तीन आठवड्यांत तुम्ही आरामात किचनमध्ये जाल. तारीख पक्की करू या का?"

मला तेव्हाच थांबायला हवं होतं. पण समाचाराला कुणी येणार नाही या आनंदात मी होते.

टूर

लोकांना काय सांगायचं? मी टूरला चालले आहे असं ठरलं. नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं की कुणी विचारलं तरच सांगायचं. त्याने दुसऱ्याच दिवशी आपण होऊन अक्कांना फोनवर सांगून टाकलं. त्याच्या पोटात काही राहत नाही.

संध्याकाळी अक्का हजर. "थायलंडला? एकटीच? आम्ही काय मेलोय का गं?"

आता तुम्ही म्हणाल, तिथल्या तिथे खरं सांगून टाकायचं. मला ते जमलं नाही. मी म्हटलं, महिला मंडळाची टूर आहे, जागा भरल्या. अक्का म्हणाल्या, मग आपण आपली वेगळी टूर करू, त्यात काय. आठवडाभरात त्यांच्या भिशीतल्या सगळ्या बायका तयार झाल्या. कुणाचा पासपोर्ट नव्हता, कुणाचं नाव आधारवर वेगळं होतं, त्या सगळ्यांची धावपळ सुरू झाली. सगळ्या माझ्याच घरी बैठकीला जमायच्या, कारण सगळ्यांत आधी मी ठरवलं होतं. मी चहा करायचे आणि आतल्या आत जळायचे.

मग जेवणाचा प्रश्न निघाला. एक बाई म्हणाल्या, तिथे सगळीकडे मासळी. अक्कांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "त्याची काळजी नको. शैला आहे ना आपली. पुरण इथूनच करून नेऊ, कणीक तिथे भिजवू. मांडे खाऊ रोज."

"आणि खापर?"

"खापर न्यायचं. विमानात देत नाहीत का नेऊ?"

"सामानात टाकलं तर फुटेल."

"मग मांडीवर घेऊन बसू आळीपाळीने."

त्या हे अगदी मनापासून ठरवत होत्या. ज्या हातांची कातडी कापायला मी पळून चालले होते, त्याच हातांनी बँकॉकला मांडे करायचे होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते बघून अक्का म्हणाल्या, "बघा, किती आनंद झालाय तिला."

धुळे

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी निघाले. सासुरवाशिणींनी आखाजीला माहेरी जायचंच असतं, आणि मला तर जळगावातून बाहेर पडायचंच होतं. निघायच्या आदल्या दिवशी एका ऑर्डरीत पुरळामुळे जीन्सची बाही बांधली नव्हती आणि डावा दंड पुन्हा भाजला होता. बसच्या गर्दीत आणि उन्हात फोड फुटला. गावी पोहोचेपर्यंत बाही चिकटली होती. दुसऱ्या दिवशी भाऊ मला धुळ्याला घेऊन गेला, भाजलेल्यांवर इलाज करणारे एक प्लास्टिक सर्जन आहेत त्यांच्याकडे.

पट्टी बांधता बांधता डॉक्टरांनी विचारलं, "पण इथे कसं काय भाजलं?" मी मांड्यांचं सांगितलं. ते धुळ्याचेच, त्यांना मांडे काय ते समजावून सांगावं लागलं नाही. ते म्हणाले, "खायला माहीत आहेत. कसे करतात ते कधी जवळून पाहिलं नाही. दाखवाल?" त्यांनी टेबलावरचा नॅपकिन माझ्या हातात दिला.

इतक्या वैतागातही मला मजा वाटली. मी नॅपकिन हातांवर घेतला आणि फिरवून दाखवला. त्यांनी विचारलं, "आता झाला, खापरावर टाकायचा, हे कसं ठरवता? बघून?"

मी म्हटलं, "बघत नाही मी. डोळ्यांनी बघायला वेळच नसतो. हाताला कळतं. जाड असेल तिथे गार आणि जड लागतो. पातळ झाला की कातडीला लागतो पण वजन राहत नाही."

"हाताच्या कुठल्या बाजूला?"

मी आतली बाजू दाखवली, कोपराखालची.

त्यांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा तिथून हळूच फिरवला. "कळतंय?"

"कळतंय."

मी बँकॉकचं सगळं सांगितलं. त्यांनी नावं ठेवली नाहीत. म्हणाले, "तिथेही चांगले सर्जन असतात. पण हे ऑपरेशन कुणीही केलं तरी एक धोका असतो. दंडातून एक नस खाली येते, ती कधी कधी दुखावते. मग जिथे मी आता कापूस फिरवला तिथे कळत नाही. बहुतेकांचं काही महिन्यांत परत येतं. काहींचं येत नाही. सहसा लोकांना त्याने काही फरक पडत नाही." त्यांनी बोळा टेबलावर ठेवला. "तुम्हाला पडेल."

स्टँडवर बसून मी त्या मदतनीस मुलीला मेसेज केला, हे मला का नाही सांगितलं? लगेच उत्तर आलं. "थोडा बधिरपणा नॉर्मल आहे मॅम. सहीच्या कागदात लिहिलेलं असतं. तिकीट काढलं का?" मी मोबाइल पिशवीत टाकला. मला त्या मदतनीस मुलीचा राग आला नाही, ती नोकरी करत होती. मला माझा राग आला. समाचाराला येणाऱ्यांपासून पळायच्या नादात मी माझ्याच हाताची चौकशी करायला विसरले होते.

आखाजी

आखाजीच्या दिवशी मायने चूल पेटवून खापर घातलं आणि मला बसवलं. मी म्हटलं, हात भाजलाय, यंदा तूच कर.

"माले आते जमत नही," माय म्हणाली.

मला इतकी वर्षं वाटायचं, वयामुळे तिने सोडलं. मी विचारलं, काय झालं?

"साखरना मुळे बोटं मरी गयात. हातले समजत नही आते." तिने दोन्ही तळवे पुढे केले. "पहिले खापरवर टाकाना टाईमले हात सांगे. आते मना हात काहीच सांगत नही. मांडा फाटस, तवय समजस."

ती हे भाजीपाल्याचं सांगावं तसं सांगत होती. मी मात्र तिथे बसले आणि रडले. तिला सगळं सांगितलं, दंड, चटके, बँकॉक, अक्कांची टूर, धुळ्याचे डॉक्टर. तिने सगळं ऐकून घेतलं.

"परदेशमा जाईसन हात कापना? आठे काय सुर्‍या नहीत का?"

"आठे बठ्ठा देखाले येतस," मी म्हटलं. इथे सगळे बघायला येतात.

"येऊ दे. मी बसस दारमा."

मग तिने माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं आणि विचारलं, "दोन्ही एकदम कापनाच पडतंस का?"

इतक्या लोकांशी मी बोलले होते, आणि हे मला सुचलं नव्हतं.

आधी डावा

धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, "लोक दोन्ही एकदम करून घेतात. एकच केला तर विचित्र दिसेल."

मी म्हटलं, "दिसू दे. एक हात तरी माझ्याकडे राहील. उजवा पुढचं पुढे." नस जपायचा पूर्ण प्रयत्न करीन, पण शब्द देत नाही, असं ते म्हणाले. तोच मला मोठा आधार वाटला. बँकॉकहून मला नुसतीच फुलं येत होती.

अक्कांना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे मांड्यांचं काय आता?" त्या आणि भिशीच्या बायका ठरल्याप्रमाणे थायलंडला गेल्या. मी धुळ्याच्या दवाखान्यात, दंडाला नळी, नळीला बाटली, बाटली कापडी पिशवीत गळ्यात अडकवलेली, आणि मोबाइलवर अक्कांचे समुद्रावरचे फोटो. चिडायचंसुद्धा कुणावर ते कळेना.

सकाळी सहाला नर्स बाटली मोजायला यायची, मग पट्टी, मग इंजेक्शन, मग दिवसभर हात उशीवर ठेवून पंख्याकडे बघणं. काखेतला टाक्यांचा ताण असा की शिंकेचीही भीती. आणि समाचाराला लोक यायचे ते आलेच. पण माय खरोखर दारात स्टूल टाकून बसली. कुणी आलं की म्हणायची, "ती झोपेल शे. सकाय या." झोपली आहे, उद्या या. मी आत टक्क जागी असायचे, तिचं बोलणं ऐकायचे. शहाळी ती ठेवून घ्यायची आणि पाहुण्यांना वाटेला लावायची. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, अशी आई मला पण दोन दिवस भाड्याने द्या.

घरी आल्यावर अक्का चॉकलेटं घेऊन आल्या. त्यांना तर अडवणं शक्यच नव्हतं. त्यांनी घट्ट पट्ट्याची बाही बघितली, उजवा लोंबता दंड बघितला आणि म्हणाल्या, "एकच का केला गं?" त्यानंतर जो येईल तो हेच विचारतो. रिक्षावाल्यानेसुद्धा विचारलं. नस, कापूस, खापर, हे सगळं रोज कुणाला सांगत बसणार? मी म्हणते, दुसरा आवडतो मला.

आता काही महिने झालेत. डावा दंड सडपातळ दिसतो. काखेपासून कोपरापर्यंत लांब लालसर व्रण आहे, हळूहळू फिका होतोय. पुरळ गेलं, चटके गेले. कोपराखाली मात्र तळहाताएवढा पट्टा मुका झाला आहे. कडेकडेने थोडं कळायला लागलंय, कधी मुंग्या येतात, मध्ये अजून काही नाही. पहिला मांडा केला तेव्हा तेवढ्याच जागी जाड राहिला. दुसरा तेवढ्याच जागी फाटला. मंगल म्हणाली, "ताई, तेवढा भाग उजव्यावर फिरवून घ्या." तसं करते. हात हळू चालतो, ऑर्डरी कमी घेते, आणि उजवा दंड जीन्सच्या बाहीत घामेजून चिघळतोच आहे.

ज्या कुणाला हे करायचं असेल, इथे किंवा परदेशात, त्यांनी डॉक्टरला आधी हे सांगावं की आपण हातांनी काय करतो. बाई शिवणकाम करत असेल, मुलं सांभाळत असेल, मशीन चालवत असेल, काहीही. डॉक्टरने विचारलं नाही तरी आपण सांगावं. सहीच्या कागदात सगळं लिहिलेलं असतं, पण तो कागद आपल्या हाताला ओळखत नाही.

उजव्याचं काय करायचं? डॉक्टर विचारतात, नवरा विचारतो, तेजू फोनवर विचारते. मला माहीत नाही. डावा पूर्ण बोलायला लागेपर्यंत मी उजव्याला हात लावू देणार नाही, आणि तो बोललाच नाही तर लोंबणारी कातडी घेऊन चुलीपुढे बसेन. हे उत्तर कुणालाच आवडत नाही. मलाही आवडत नाही.

मागच्या महिन्यात तपासणीला धुळ्याला गेले आणि रात्रीपुरती मायकडे थांबले. ओट्यावर बसून मी रस्त्याकडे बघत होते. माय शेजारी येऊन बसली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "आठे समजस का?"

"कोठे?" मी वळून पाहिलं.

तिने माझ्या डाव्या हाताच्या त्या पट्ट्यावर हात ठेवला होता. केव्हापासून, कोण जाणे.

"नही वं," मी म्हटलं. "तुले समजस का, तू हात ठेवेल शे ते?"

तिने आपल्या बोटांकडे बघितलं. "माले बी नही," ती म्हणाली.

मी तिचा हात उचलला आणि माझ्या उजव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराखाली ठेवला. तिची बोटं गार होती.